साडूच्या प्रोग्राममधल्या एकतीस चुका

माझ्या सासूबाई मला ‘तुम्ही’ म्हणतात आणि माझ्या साडूला ‘तू’. लग्न झालं तेव्हा मला तो मान वाटला होता. सात वर्षांनी मेहुणीचं लग्न झालं, धाकटा जावई घरात आला, आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाई त्याला म्हणाल्या, “अरे, तो पंखा जरा बघ रे, कुरकुरतोय.” तेव्हा मला कळलं की मानाला बैठकीत बसवतात आणि माया थेट स्वयंपाकघरात शिरते. मी त्या घरात आजतागायत बैठकीत बसलेला आहे.

साडू आणि मी, दोघंही प्रोग्राम लिहितो. हे सासूबाईंचं दुर्दैव, कारण एक जरी डॉक्टर मिळाला असता तरी त्यांचे गुडघे बघायला बाहेर जावं लागलं नसतं. पण दोघांच्या लिहिण्यात फरक आहे. मी बावीस वर्षं एका कंपनीत आहे. गोदामात किती माल आला, किती गेला, किती उंदरांनी खाल्ला, हे सांगणारे प्रोग्राम मी लिहितो. ते कंपनीचे असतात. सादरीकरण आमचे साहेब करतात, त्यामुळे पहिल्या पानावर नाव साहेबांचं असतं. शेवटच्या पानावर ‘धन्यवाद’ असतं, तिथंही माझं नाव नसतं. बावीस वर्षांत मी काही लाख ओळी लिहिल्या असतील. कुणी म्हणालं, “बघू तरी काय करता तुम्ही,” तर दाखवायला एक ओळ नाही. तसं दाखवणार नाही, अशी सहीसुद्धा मी नोकरीला लागताना करून दिलेली आहे.

साडूनं नऊ वर्षांपूर्वी नोकरी सोडली. घरचा गाडा मेहुणी ओढते, ती शाळेत शिकवते. हा घरी बसून एकच प्रोग्राम लिहितो. एकच! पुस्तकाच्या पानाचा वाकडातिकडा फोटो काढला की याचा प्रोग्राम ते पान सरळ करतो, कडा नीट कापतो आणि अक्षरं वाचता येतील अशी उजळ करतो. प्रोग्रामचं नाव ‘सरळ’. तो ओपन सोर्स आहे, म्हणजे उघडा. कुणीही फुकट वापरावा, कुणीही आतला कोड वाचावा, चूक दिसली तर सगळ्यांसमोर नोंदवावी, जमल्यास सुधारून पाठवावी. कोणती ओळ कुणी कधी लिहिली, याची तारीखवार नोंद तिथं कायम राहते. म्हणजे नऊ वर्षं, ओळीओळीवर त्याचं नाव.

हे माझं खरं दुखणं. तो श्रीमंत नव्हता, प्रसिद्ध नव्हता, दाढीसुद्धा वेळेवर करत नव्हता. पण त्यानं केलेलं त्याचं होतं.

तर आमच्याकडच्या ग्रंथालय संघानं एक स्पर्धा जाहीर केली. ग्रंथालयांना उपयोगी पडेल असा प्रोग्राम चाळीस दिवसांत करा. पहिला येईल तो प्रोग्राम संघाच्या एकशे वीस ग्रंथालयांत बसवला जाईल, आणि उघडल्याबरोबर पहिल्याच पडद्यावर करणाऱ्याचं नाव दिसेल. मी हे शेवटचं वाक्य चार वेळा वाचलं. मग चष्मा पुसून पाचव्यांदा वाचलं. एकशे वीस ग्रंथालयं. रोज सकाळी कुणीतरी कारकून संगणक चालू करणार आणि आधी माझं नाव वाचणार, मग हजेरीपटावर स्वतःचं लिहिणार.

मी साहेबांकडून परवानगीचं पत्र आणलं. “छंद म्हणून ठीक आहे,” साहेब सही करताना म्हणाले, “नाहीतरी तुमच्या वयात काहीतरी हवंच.” साहेब माझ्याहून चार वर्षांनी मोठे आहेत.

माझी कल्पना चांगली होती. जुन्या पुस्तकांतली पानं गळतात, चोरीला जातात, उलटी शिवली जातात. माझा प्रोग्राम पुस्तकाचे सगळे फोटो बघून कोणती पानं नाहीत ते सांगणार होता. नाव ठेवलं ‘गहाळ’. रोज सकाळी ऑफिसला जाण्यापूर्वी दोन तास मी त्यावर बसत होतो आणि पोरवयात प्रेमात पडल्यावर वाटतं तसं काहीतरी मला वाटत होतं.

मग रविवारी सासूबाईंकडे जेवायला गेलो आणि माझ्या बायकोनं घोटाळा केला.

“अरे, तूही भाग घे ना,” ती साडूला म्हणाली. “हे घेताहेत. दोघं घ्या.”

साडू भात कालवता कालवता थांबला. “पण ताई, माझं नऊ वर्षांचं जुनं आहे. जुनं चालतं का?”

“जुनं असलं म्हणून काय झालं?” सासूबाई म्हणाल्या. “चांगलं आहे ना? मग झालं तर.”

“आई, तसं नसतं,” मी म्हणालो. “स्पर्धा म्हणजे सगळ्यांनी एका रेघेवरून पळायचं. हा रेघेच्या नऊ वर्षं पुढे उभा आहे.”

“तर मग तो दमला असेल,” सासूबाई म्हणाल्या. “तुम्ही ताजेतवाने आहात.”

साडू हसला. त्याचं हसणं मनमोकळं आहे, ही आणखी एक तक्रार. “भाऊजी म्हणतात ते बरोबर आहे,” तो म्हणाला. मेहुणी मला भाऊजी म्हणते, तिचं ऐकून तोही म्हणतो. “मी विचारून बघतो. नाही म्हणाले तर नाही.”

तो विचारेपर्यंत थांबणं मला शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ग्रंथालय संघाच्या चिटणीस बाईंना फोन लावला. बाई निवृत्त ग्रंथपाल होत्या आणि फोनवरसुद्धा वाचनालयात बोलल्यासारखं हळू बोलायच्या.

“आधीपासून चालू असलेला ओपन सोर्स प्रकल्प स्पर्धेत चालतो का?” मी विचारलं. “तत्त्वाचा प्रश्न म्हणून विचारतोय.”

“तुमचा आहे का असा?”

“माझा नाही. एकाचा आहे.”

“मग त्यांना विचारू द्या की.”

“ते संकोची आहेत.”

बाईंनी नियमावली काढली. कागद उलटल्याचा आवाज आला. “नियम सात. चालतो. मात्र स्पर्धेच्या चाळीस दिवसांत झालेलं कामच मोजलं जाईल. आधीच्या कामाला गुण नाहीत.”

“म्हणजे बाई, मी पाया खणून घर बांधायचं आणि त्यानं तयार घराला नुसता रंग द्यायचा?”

“मग त्याला रंगाचेच गुण मिळतील.”

मी दुसऱ्या बाजूनं शिरलो. “समजा, त्याच्या नऊ वर्षांच्या ओळखीतल्या पंधरा लोकांनी मिळून रंग दिला तर? जगभरात ओळखी असतात या लोकांच्या. आम्ही एकटे.”

बाई म्हणाल्या, “हा मुद्दा मात्र आमच्या लक्षात आला नव्हता हं.” दोन दिवसांनी नियम ७ ला ‘ब’ जोडला गेला: चाळीस दिवसांत ज्यानं ज्यानं प्रकल्पात कोड दिला असेल, त्यानं खरं नाव जाहीर केलंच पाहिजे, आणि तो त्या प्रवेशिकेचा भागीदार मानला जाईल. नाव नसेल तर तेवढं काम वगळलं जाईल. एक माणूस, एकच प्रवेशिका. खाली बाईंनी मला स्वतंत्र पत्र पाठवून आभार मानले होते. माझ्या आयुष्यात माझ्या सूचनेवरून बदललेली ही पहिली गोष्ट. मी ते पत्र जपून ठेवलं.

पंधराव्या दिवशी ‘गहाळ’ तयार झाला. चांगला झाला होता. मी तीन पुस्तकं त्याच्यासमोर ठेवली, तिन्हींतली गळलेली पानं त्यानं बिनचूक सांगितली. उरलेले पंचवीस दिवस किरकोळ सफाई करायची आणि निकालाची वाट बघायची, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात साडूचा फोन आला.

“भाऊजी, मी नाव मागे घ्यावं म्हणतोय.”

“का रे?” मी विचारलं. आवाजात काळजी आणली.

“पंधरा दिवसांत एक ओळ लिहिली नाही. काय लिहू? सरळ करून करून पान किती सरळ करणार? आता त्यात करण्यासारखं काही राहिलंच नाही हो.”

कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, “बरोबर आहे तुझं, घे मागे.” मीसुद्धा तेच म्हणायला तोंड उघडलं होतं. पण त्याचं ते शेवटचं वाक्य कानात शिरलं आणि तिथंच बसलं. करण्यासारखं काही राहिलंच नाही! बावीस वर्षांत मला एकाही प्रोग्रामबद्दल असं म्हणता आलेलं नाही. आमच्याकडे प्रोग्राम पुरा होत नाही, तो बंद पडतो. आणि हा घरात लेंगा घालून बसलेला माणूस आपलं काम पुरं झालं म्हणून सांगतो?

“घाई करू नकोस,” मी म्हणालो. “बघ दोन दिवस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ‘सरळ’चा कोड उघडला. आयुष्यात पहिल्यांदा.

कोड चांगला होता. यासारखं वाईट काही नसतं. काही घरांत कात्री हवी म्हटलं की पहिल्या खणात कात्री सापडते, तसा होता तो. आमच्या घरात कात्री शोधायला तीन माणसं लागतात. मी दीड तास वाचत होतो आणि माझा चहा निवत होता. शेवटी मी कोड मिटला आणि सरळ एक फोटो काढला. एका हातानं पुस्तक धरलं, दुसऱ्या हातात फोन, आणि पानाच्या कोपऱ्यावर माझा अंगठा. जगातला प्रत्येक माणूस असंच पुस्तक धरतो. ‘सरळ’नं माझा अंगठा ही पानाची कड समजली आणि पान मोठ्या आत्मविश्वासानं तिरकं करून दिलं.

कित्येक दिवसांत मी असा हसलो नव्हतो. बायको आतून बघून गेली.

आता यापुढे मी जे केलं ते समजायला आमच्या कंपनीची रीत माहीत हवी. आमच्याकडे तुमच्या प्रोग्रामवर तक्रार आली की ती तुमच्या नावावर चढते. वर्षाच्या शेवटी साहेब तक्रारी मोजतात. दहाच्या वर गेल्या तर बढती नाही, वीसच्या वर गेल्या तर खिडकी नसलेल्या खोलीत टेबल. तीसच्या वर गेलेला एकच माणूस मला माहीत आहे, तो आता केक शॉप चालवतो. तक्रार म्हणजे डाग, हे माझ्या हाडात मुरलेलं आहे. आणि ‘सरळ’च्या तक्रारवहीत पानभर शांतता होती. तर मी ती भरणार होतो. परीक्षक वही उघडतील, तक्रारींची रांग बघतील, आणि साडूची जागा त्यांना आपोआप कळेल.

नाव घेतलं ‘हितचिंतक’. पहिली तक्रार नोंदवली. कंपनीच्या सवयीनं सगळं शिस्तीत: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, सोबत फोटो. शेवटी लिहिलं, ‘पान सरळ होणे अपेक्षित होते; तथापि ते अंगठ्याच्या मर्जीनुसार तिरके झाले.’

तासाभरात साडूचं उत्तर. ‘वा! फार छान पकडलंत. नऊ वर्षांत हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मनापासून आभार.’ दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चूक दुरुस्त. खाली ओळ: ‘अंगठ्याबद्दल हितचिंतकांचे ऋण.’

माणसाला शिवी दिल्यावर त्यानं उलट नमस्कार केला तर डोक्यात कसली तिडीक जाते, ते ज्यांना माहीत असेल त्यांना पुढचं सांगायला नको. मी हात धुऊन मागे लागलो. दोन रकान्यांचं पान त्याला एकच वाटतं, नोंदवली. पानात अडकवलेली दोरी त्याला ओळ वाटते, नोंदवली. चहाचा डाग पडलेलं पान डागासकट उजळ होतं, डाग तर जास्तच. एका पुस्तकावर मी त्यासाठी मुद्दाम चहा सांडला. बायको म्हणाली, “ते माझं पुस्तक होतं.” मी म्हणालो, “काम आहे.” अडतिसाव्या दिवसापर्यंत एकतीस तक्रारी झाल्या. स्वतःचा प्रोग्राम मी तीन आठवडे उघडला नव्हता.

आणि मग मी आणखी एक गोष्ट केली. कोरं पान दिलं की ‘सरळ’ अडकून बसायचा, कारण सरळ करायला त्यात काही नसायचं, आणि तरी तो शोधत राहायचा. ही चूक साडूनं चाळीस ओळी लिहून दुरुस्त केली. चाळीस ओळी! आठ ओळींचं काम होतं ते. मला ते बघवेना. जेवणाच्या सुट्टीत मी त्या आठ ओळी लिहिल्या आणि हितचिंतक म्हणून पाठवून दिल्या. साडूनं त्या घेतल्या. नंतर आणखी पाच ठिकाणी मला असंच बघवलं नाही. नियम ७ (ब) मला आठवला नाही असं मी म्हणणार नाही. आठवला. पण तो मी साडूसाठी करवून घेतला होता, स्वतःसाठी नव्हे. साडूनं तक्रारवहीत दोनदा विचारलंही, ‘हितचिंतक, आपलं नाव सांगाल का? नियमात लागतं.’ मी उत्तर दिलं नाही.

त्या रविवारी सासूबाईंकडे जेवणाला विषय एकच.

“कोण आहे कुणास ठाऊक,” साडू सांगत होता. त्याचे डोळे चमकत होते, जेवण तसंच पडलं होतं. “आई, नऊ वर्षं मी लिहितोय. लोक वापरतात, छान म्हणतात, जातात. असं ओळ न् ओळ कुणी वाचलंच नव्हतं हो. मला कधीकधी वाटायचं की मी एकटाच बडबडतोय. आणि त्या आठ ओळी! मी त्या प्रिंट करून भिंतीवर लावल्यात.”

“देवमाणूस म्हणायचा,” सासूबाई म्हणाल्या.

“रिकामटेकडा असेल कुणीतरी,” मी म्हणालो.

“तुम्हाला नाही हो ते कळायचं,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “दुसऱ्यासाठी एवढं झिजणारी माणसं वेगळीच असतात.”

मी मान खाली घालून जेवत राहिलो. या घरात वीस वर्षं येतोय, माझ्याबद्दल कुणी ‘देवमाणूस’ म्हणालं नव्हतं. आणि तो कोण कुठला हितचिंतक, आल्या आल्या भिंतीवर गेला. मला त्याचा इतका राग आला की तो मीच आहे हे क्षणभर विसरायलाच झालं. आठवल्यावर राग वाढला.

परतताना कोपऱ्यावर वळलो तेव्हा बायको म्हणाली, “ते हितचिंतक ‘तथापि’ फार लिहितात, नाही?”

“तू कधी वाचलंस?”

“त्यानं दाखवलं. आपल्याकडे सामानाच्या यादीतही ‘तथापि’ असतं. ‘साबण आणणे, तथापि निळा नको.’”

“मग?”

“मग काही नाही,” ती म्हणाली. “तथापि.”

निकालाच्या दिवशी मध्यवर्ती ग्रंथालयाच्या सभागृहात सगळी मंडळी जमली होती. संघाला आमच्या कंपनीची देणगी असते, म्हणून प्रमुख पाहुणे आमचे साहेब होते. सभागृहात जाण्याआधी चिटणीस बाईंनी साडूला आणि मला आतल्या खोलीत बोलावलं. जुन्या पुस्तकांना पुठ्ठे चिकटवायची ती खोली होती, सगळीकडे खळीचा वास. साहेब तिथंच चहा घेत बसले होते. आमच्या मागून माझी बायकोही आली, तिला कुणी बोलावलं नव्हतं.

“थोडी अडचण आहे,” बाई नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या. “‘सरळ’ पहिला येतोय. चाळीस दिवसांत एकतीस दोष नोंदले गेले आणि एकतीसही दुरुस्त झाले, असं जिवंत काम दुसऱ्या कुणाचं नाही, असं परीक्षकांनी लिहिलंय. ‘गहाळ’ दुसरा, चार गुणांनी मागे.”

जिवंत! तक्रारींना ते जिवंत म्हणत होते.

“पण,” बाई पुढे म्हणाल्या, “सहा दुरुस्त्या कुणा हितचिंतकांच्या आहेत. नाव नाही. सात-ब प्रमाणे त्या वगळाव्या लागतील. वगळल्या की ‘सरळ’ दुसरा आणि ‘गहाळ’ पहिला.” माझ्याकडे बघून त्या हसल्या. “तुमचाच नियम उपयोगी पडला बघा.”

माझ्या छातीत काहीतरी मोठं उघडलं. एकशे वीस ग्रंथालयं. पहिला पडदा. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्याचा मला बावीस वर्षांचा अनुभव होता.

“मग वगळा,” साडू म्हणाला. “नियम तो नियम. आणि भाऊजींचा प्रोग्राम खरंच चांगला आहे, मी वापरून बघितलाय.” असं म्हणून त्यानं माझा हात हातात घेतला. उसनी घेतलेली छत्री परत करावी इतक्या सहज त्यानं पहिला नंबर सोडला. निदान चेहरा तरी पाडायचा होता त्यानं.

“फक्त एक विनंती,” तो म्हणाला. “हितचिंतक कोण ते मला कळलंय असं वाटतं. त्यांना नाव नको असेल तर नको. पण आभार मानू द्या.” आणि तो साहेबांकडे वळला. “भाऊजींच्या कंपनीत तक्रार कशी लिहितात ते त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. अगदी तीच पद्धत. एवढी बारीक नजर, एवढी शिस्त, आणि नाव लपवण्याइतका मोठेपणा. सर, ते तुम्हीच ना?”

साहेबांनी कप खाली ठेवला. चष्मा काढला. छताकडे बघितलं. मग ते म्हणाले, “जाऊ द्या हो. आपल्या हातून होईल तेवढं करत राहावं माणसानं.”

मला वाटतं, त्या वाक्याला पूर्णविराम मिळायच्या आत मी ओरडलो होतो.

“मी आहे तो!”

“तुम्ही काय?” बाईंनी विचारलं.

“हितचिंतक. एकतीसच्या एकतीस माझ्या. सहा दुरुस्त्या माझ्या. आठ ओळी माझ्या. यांचं काहीएक नाही त्यात. यांना आठ ओळी लिहिता येत नाहीत, सहीसुद्धा यांची दोन ओळींत जाते!”

हे मी माझ्या साहेबांबद्दल, साहेबांसमोर बोललो. साहेब म्हणाले, “मी कुठं म्हणालो मी आहे?” आणि कप उचलून रिकामाच तोंडाला लावला.

बाईंना पुरावा हवा होता. मी फोनवर हितचिंतकाचं खातं उघडून दाखवलं. बत्तिसावी तक्रार अर्धी लिहिलेली होती, ती सगळ्यांनी वाचली.

“तुम्हाला माहीत आहे ना, याचा अर्थ काय होतो?” बाई म्हणाल्या. “तुम्ही ‘सरळ’चे भागीदार. एक माणूस, एक प्रवेशिका. ‘गहाळ’ बाद होईल. नाव जाहीर केलं नसतंत तर तुम्ही पहिले होतात.”

“माहीत आहे,” मी म्हणालो. खरं तर ते मला त्या क्षणी कळत होतं. पण साहेब समोर बसले होते, आणि ते बसलेले असेपर्यंत मी शब्द मागे घेणं शक्य नव्हतं.

साडू माझ्याकडे बघत राहिला होता. “पण भाऊजी, नाव का लपवलंत?”

“तुझं वाईट व्हावं म्हणून,” मी म्हणालो.

आधी साडू हसला, मग बाई हसल्या. साडूनं मला मिठी मारली. माझी बायको तेवढी हसली नाही. तिनं टेबलावरची खळीची वाटी बाजूला सरकवली, कारण माझा कोपर त्यात जात होता. मी आयुष्यात इतकं खरं कधी बोललो नव्हतो आणि त्याचा असा उपयोग झाला.

बक्षीस ‘सरळ’ला मिळालं. महिन्याभरात तो एकशे वीस ग्रंथालयांत बसला. मी मुद्दाम एका ग्रंथालयात जाऊन संगणक चालू करायला लावला. पहिल्या पडद्यावर एका ओळीचीच जागा आहे. साडूचं नाव, आणि पुढे ‘व इतर’.

मी इतर.

साडूनं मात्र प्रकल्पाच्या आतल्या यादीत माझं पूर्ण नाव घातलं. ती यादी कामाच्या संख्येनुसार लागते. वर साडू, चार हजार एकशे बारा दुरुस्त्या. त्याखाली मी, सहा. मी ते पान रोज सकाळी उघडतो. बावीस वर्षांनंतर सहा ही काही मोठी संख्या नाही, पण ती माझी आहे, आणि कंपनीतलं कुणीही ती बघू शकतं. ऑफिसात हल्ली माझं टेबल खिडकी नसलेल्या खोलीत आहे. संगणकाचा पडदा मात्र तिथं जास्त स्वच्छ दिसतो.

माझ्याखाली पाच दुरुस्त्यांवर कुणी एक दंतवैद्य आहे, कुठल्या तरी दुसऱ्या देशातला. इतके दिवस तो गप्प होता. परवा त्यानं रंगीत चित्रांच्या पानांसाठी काहीतरी सुचवलं आणि सहावर आला. साडूनं फोनवर त्याचं कौतुक केलं, “दातांचा माणूस, पण हात किती हलका आहे बघा, भाऊजी!” काल रात्रीपर्यंत त्याची सातवी आली नव्हती. मी आजची रजा टाकली आहे.